पंच मारलेला डायपर

६ जानेवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. मी एक वाक्य सुरू केलं की बसमधल्या प्रवाशाला सरकवावं तसं तुम्ही मला पुढे सरकवता, आणि मागून जावईबापू ओरडतात, "तुम्ही दोघी फोनवर भांडू नका, बाळ उठतंय!" म्हणून म्हटलं, कागदावर लिहावं. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

परवा लेकीनं मुंगीच्या अंघोळीचा व्हिडिओ पाठवला. नात पाय झाडत होती, हसत होती, बघून जीव हरखला. मग ती कुशीवर वळली आणि माझ्या काळजात धस्स झालं. दोन्ही जांगा लालबुंद, बूड तर टोमॅटोसारखं! लेकीला विचारलं तर म्हणते, "थोडं लाल झालंय गं. कापडानं होतं असं कधी कधी." कापडानं! म्हणजे तुमच्या घरात अजून लंगोटच चालू आहेत?

विहीणबाई, मी औषधांचं दुकान चालवते. माझ्या काउंटरवर रोज कुणी ना कुणी आई पोराच्या अंगावरचं पुरळ दाखवायला येते. ओला लंगोट अंगाला चिकटून राहतो. तो धुताना त्यातली घाण बादलीला लागते, नळाला लागते, आणि तेच हात पुढे दुधाच्या बाटलीला. त्यात तुम्ही रोज कंडक्टरकीवर जाता, गावभरच्या मळक्या नोटा हाताळता, आणि घरी येऊन त्याच हातांनी माझ्या नातीचे लंगोट पिळता. राग मानू नका, पण ते डोळ्यांसमोर आलं की मला घास जात नाही.

जग कुठल्या कुठे गेलं आणि माझी नात फडक्यांत! माझी लेक भिडस्त आहे, सासूसमोर बोलणार नाही. म्हणून मी बोलते. डायपरची दोन मोठी खोकी पाठवली आहेत. वापरा.

आपली,
विहीण


१५ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

खोकी पोचली. पलंगाखाली ठेवली आहेत. तिथे सुखात आहेत.

तुमचं पत्र मी डेपोच्या बाकावर वाचलं आणि असा संताप आला की पुढच्या फेरीत एका म्हाताऱ्यावर उगाच खेकसले. त्याची मी माफी मागितली. तुमची मागणार नाही.

माझे हात काढता? तुमच्या दुकानात काय नोटा अत्तरात बुडवून येतात? मी घरात पाऊल टाकलं की आधी कोपरापर्यंत हात धुते, मगच पोरीला घेते. लंगोटातली शी आधी संडासात जाते. लंगोट झाकणाच्या वेगळ्या बादलीत जातो आणि त्या बादलीला माझ्याशिवाय कुणी शिवत नाही. मग उकळतं पाणी, मग गॅलरीतलं कडक ऊन. शेवटच्या पाण्यात ते कपडे मऊ करायचं सुगंधी औषध झाकणभर घालते. लंगोट सशाच्या कानासारखे मऊ होतात आणि फुलांसारखा वास येतो. या, हुंगून बघा.

आणि एक गैरसमज डोक्यातून काढा. लंगोट मी लादलेले नाहीत. बाळंतपणाहून घरी आल्या आल्या तुमच्या लेकीनंच विषय काढला. "आई, कचऱ्याच्या ढिगावर ते फुगलेले गोळे पडलेले असतात ना, मला बघवत नाहीत. आपण कापड वापरू या?" मी म्हटलं, वापरू या, धुवायला मी आहे. जुन्या चादरी फाडून मी स्वतः मशिनवर शिवले. भिडस्त म्हणे! तुमची लेक नकाशे काढणाऱ्या ऑफिसात पाच पुरुषांच्या चुका काढते. ती भिडस्त फक्त तुमच्यापुढे असेल.

आमचे चिरंजीव, म्हणजे तुमचे लाडके जावईबापू, त्यांचंही ऐका. लंगोट दाखवला की त्यांना नेमका ऑफिसचा फोन येतो.

पुढच्या महिन्यात सूनबाई कामावर जाईल. माझी ड्युटी आहेच, म्हणून जवळचं पाळणाघर बघून ठेवलं. संचालिका बाई म्हणाल्या, "कापडी द्या, काही हरकत नाही. वापरलेले पिशवीत बांधून परत देऊ." तेव्हा इकडची काळजी सोडा आणि तुमचं दुकान सांभाळा. खोकी परत हवी असतील तर कळवा.

विहीण


२ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

दिलेली खोकी परत मागणारी बाई मी नाही. ठेवा पलंगाखाली. लवकरच बाहेर काढावी लागतील. पाळणाघरात कापडी लंगोट घेणार नाहीत म्हणे. बरंच झालं. शेवटी शिकलेल्या माणसाला कळतंच की दहा पोरांच्या खोलीत एकाच्या शीची फडकी बांधून ठेवणं म्हणजे सगळ्यांना आजाराचं आमंत्रण.

लेक फोनवर म्हणते, "आई, सगळं छान चाललंय." लहानपणी परीक्षेत नापास झाली तेव्हाही हेच म्हणाली होती. त्यामुळे मी तुमच्या पत्रावर आणि तिच्या फोनवर, दोन्हींवर विश्वास ठेवत नाही.

सोबत मलम पाठवते. पातळ थर लावा. लिंपू नका, भिंत नाही ती.

विहीण


२० फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी संचालिका बाईंनी सूनबाईला दारातच सांगितलं, "कापडी चालणार नाही. स्वच्छतेचा प्रश्न आहे, इतर पालकांचाही विचार करावा लागतो." महिन्यापूर्वी हरकत नव्हती, मग एकाएकी ही स्वच्छता कुठून उगवली? आणि आमच्या आधी तुम्हाला कसं कळलं? सूनबाई म्हणते तिनं सांगितलं नाही. असो. खोकी निघाली पलंगाखालून. तुमचा झेंडा लागला.

आता पुढचं ऐका.

सकाळी मुंगीला कोरडा डायपर घालून आणि पिशवीत चार जादाचे देऊन सूनबाई तिला सोडते. संध्याकाळी ड्युटी संपली की मी आणायला जाते. पोर हातात येते तेव्हा डायपर असा फुगलेला की तिचे पाय जवळ येत नाहीत. घरी उघडला की वासानं डोळ्यांत पाणी. आणि बूड? लंगोटानं लाल होतं म्हणत होतात ना? आता सोलून निघालंय. मी संचालिका बाईंना विचारलं. हसून म्हणाल्या, "आत्ताच बदललाय हो, आजी." पिशवी बघावी तर जादाचे डायपर खरंच संपलेले.

मी आयुष्यभर विनातिकीट माणसं पकडली आहेत. "आत्ताच" म्हणणाऱ्याचा चेहरा मला ओळखता येतो. हल्ली तिकिटाचं मशीन आलंय, पण जुना पंच माझ्या पिशवीत अजून असतो. बुधवारी सकाळी डायपर घालून झाल्यावर मी कमरेच्या पट्टीला, अगदी कडेला, टिक् करून भोक पाडलं. सूनबाई हसायला लागली. "आई, कुठलं तिकीट काढलंत?"

संध्याकाळी पोरीला गादीवर ठेवलं आणि बघितलं. भोक तिथेच.

सूनबाईचं हसू गेलं. ती तिथेच फरशीवर बसली.

म्हटलं, एखाद दिवस राहून जातं माणसाकडून. गुरुवारी पुन्हा पंच मारला. संध्याकाळी पुन्हा तेच भोक. शुक्रवारी तर शी झालेली, ती वाळून कातडीला चिकटलेली. कोमट पाण्यानं भिजवून भिजवून सोडवली. पोर अशी किंचाळत होती की शेजारीण धावत आली.

लंगोट ओला झाला की पोर रडतं, आपण बदलतो. तुमच्या त्या डायपरला वरून कोरडं दिसायची कला आहे. आत नरक साचला तरी बाहेरून साजरा. म्हणून कुणाला घाई नाही. ही तुमची स्वच्छता!

मी तिथल्या पोरं सांभाळणाऱ्या मुलीला धरलं. ती इकडे तिकडे बघून म्हणाली, "आम्ही दोघीच आहोत, काकू. आणि बाई म्हणतात, गळत नाही तोवर बदलायचं नाही." एवढं बोलली आणि आत पळाली.

दुसरं पाळणाघर शोधतो आहोत. सगळीकडे जागा भरलेल्या. तुम्हाला हे सगळं लिहिलं, कारण खोक्यांवर तुमचा पत्ता आहे.

विहीण


२७ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

पंच! इवल्याशा पोरीच्या डायपरला पंच! हसावं की रडावं तेच मला कळेना. अहो, ती नात आहे, तिकीट नाही. त्या पंचाला काय काय लागलेलं असेल याचा विचार केलात? आणि डायपरच्या पट्टीवर कंपनीच्याच बारीक खाचा असतात. तुम्हाला त्यातलीच एखादी दिसली असेल. ज्याला भोक शोधायचं त्याला आभाळातही सापडतं.

पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिलंय, बारा तास कोरडेपणा. मी उगाच विकत नाही. तुमच्या मनातून लंगोट गेलेले नाहीत, म्हणून तुम्हाला डायपरमध्ये नरक दिसतो. सांभाळणाऱ्या मुलींचं काय घेऊन बसलात? मालकिणीबद्दल कोण चांगलं बोलतं? संचालिका बाई किती नीट बोलतात, किती शांतपणे ऐकून घेतात. अशी माणसं पोरांची हेळसांड करत नाहीत.

पोरीला आता तिथली सवय होते आहे. तुम्ही रोज जाऊन तिथे भांडलात तर ते तिला काढून टाकतील आणि माझ्या लेकीची नोकरी जाईल. तेच हवंय का तुम्हाला? सून घरी, लंगोट गॅलरीत, म्हणजे तुमचं जग जागच्या जागी!

मलम लावत राहा. अंग गरम वगैरे नाही ना तिचं? तेवढं कळवा.

विहीण


६ मार्च

विहीणबाई,

मुंगी दवाखान्यात आहे. ताप उतरतो आहे, हे आधी वाचा आणि मग पुढचं.

रविवारी ताप चढला. दूध तोंडात घेईना, पाय पोटाशी ओढून रडत होती. आम्हाला वाटलं, दात येत असतील. सोमवारी डोळे उघडेनात तेव्हा उचलून पळालो. लघवी तपासली. लघवीच्या मार्गात जंतू. एवढ्याशा हाताला सुई, आणि ती निघू नये म्हणून फळी बांधलेली. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे कशानं? त्या म्हणाल्या, "एकच कारण छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण मुलींना तासन्‌तास घाणीत ठेवलं की हा धोका वाढतो."

हे दुखणं काय असतं ते मला कुणी समजावून सांगायला नको. आमच्या फेरीच्या दोन्ही टोकांना बायकांसाठी संडास नाही. पुरुष भिंतीआड जातात, त्यांचं भागतं. म्हणून आम्ही ड्युटीवर पाणी पीत नाही आणि दाबून धरतो. महिन्याचे दिवस असले तर सकाळची घडी संध्याकाळपर्यंत तशीच. त्यातून हे दुखणं मला कितीदा झालं याची गणती नाही. निखाऱ्यावर बसल्यासारखं होतं, विहीणबाई. ताप अंगात असताना मी तिकिटं फाडली आहेत. पण मी मोठी बाई होते, मला कळत होतं काय होतंय. या पोरीला काय कळत असेल? तिला एवढंच माहीत की आपण रडतो आणि कुणी येत नाही.

काल सूनबाई आणि मी पाळणाघरात गेलो. मी ओरडणार होते, पण सूनबाईच पुढे झाली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "माझ्या मुलीचा डायपर दिवसभर बदलला जात नव्हता. तुम्ही खोटं सांगत होतात."

संचालिका बाई खुर्चीतून हलल्या नाहीत. "आमच्यावर ढकलू नका. आजार तुमच्या घरूनच आलाय. घरी स्वच्छता नाही, हे मी म्हणत नाही. बाळाची आजीच म्हणाली."

मी म्हटलं, "आजी मी आहे."

"आईची आई. त्यांचा फोन आला होता, बाळ इथे यायच्या आधी. 'माझी विहीण घाणेरडी फडकी वापरते, हात धुवत नाही, तुम्ही कापडी घेऊच नका,' असं त्यांनी स्वतः सांगितलं. म्हणून तर आम्ही नियम कडक केला."

विहीणबाई, मला रस्त्यावर लोकांनी शिव्या दिल्या आहेत. एकदा एका दारुड्यानं कानाखाली मारली होती. पण कालच्यासारखं मला कधी लागलं नव्हतं. सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही. तशाच दोघी घरापर्यंत चालत आलो.

आज सकाळी तिनं बालकल्याणच्या ऑफिसात तक्रार दिली. संचालिका बाई कालच म्हणाल्या, तक्रार केलीत तर सुनावणीत त्या तुमचा फोन पुढे करणार. म्हणजे एवढ्या सगळ्यातून दोष माझ्या फडक्यांवर येणार, आणि तोही तुमच्या तोंडून.

पत्र मी इथे, दवाखान्याच्या बाकावर लिहिते आहे. सूनबाईला दोन शब्द लिहायचे आहेत.

*आई, तू असा फोन केला होतास का? हो की नाही, एवढंच लिही.*


११ मार्च

दोघींना,

हो.

एवढंच लिही म्हणालीस, पण माझ्याच्यानं एवढ्यावर थांबवत नाही. मी केला फोन. नंबर जावईबापूंकडून मागून घेतला आणि का हवाय ते सांगितलं नाही. हात धुवत नाही असं म्हटलं, तेही खरं. मी कधी पाहिलं होतं हात धुताना किंवा न धुताना? माझ्या मनानंच बघितलं होतं.

पत्र आलं तेव्हा दुकानात गर्दी होती. वाचलं, घडी केली, गल्ल्याखाली ठेवलं आणि औषधं देत राहिले. तेवढ्यात एक तरुण मुलगी आली. कडेवर पोर. म्हणाली, "दिवसभर चालेल असा डायपर द्या. पाळणाघरात म्हणतात, मोठ्यातला घालून पाठवा म्हणजे बदलावा लागत नाही." मी पाकीट काढलं. त्यावर तेच ठळक बारा तास. आणि मला काय झालं कोण जाणे, मी तिच्यावर ओरडले. "कोण म्हणतं बदलावा लागत नाही? तू बसशील का दिवसभर त्यात?" ती बिचारी घाबरून निघून गेली. मग मी रस्त्यापर्यंत तिच्यामागे धावले. तिला म्हटलं, बाळ, तुझा राग नाही, ये, आत ये. पाणी दिलं. कोरडा वाटतो तोवर तो ठेवायचा असं नाही, शी झाली की त्या क्षणी बदलायचा, नाहीतर दर दोन-तीन तासांनी, हे तिला सांगितलं. इतकी वर्षं विकतेय. हे किती जणींना सांगितलं मी? विचारलं तरच सांगत आले.

माझा संताप कुणावर आहे ते मला धड कळत नाही. त्या बाईवर आहेच. किती गोड बोलली माझ्याशी! "तुमच्यासारख्या जागरूक आज्या हव्यात," म्हणाली. मी फुगले. तिला कापड नको होतं कारण कापड बदलावं लागतं, आणि मी तिच्या हातात आयतं कोलीत दिलं.

सुनावणीची तारीख कळवा. मी येणार. दुकान बंद ठेवीन. मला घ्यायला स्टँडवर कुणी येऊ नका. माझी मी येईन. घरात घ्यायचं की नाही ते तुम्ही दोघी ठरवा.

मुंगीचा ताप आता किती आहे?


९ एप्रिल

विहीणबाई, नमस्कार.

तुम्ही गेलात आणि दोन दिवसांनी निकाल लागला, म्हणून हे पत्र.

आधी घरचं. मुंगी ठणठणीत आहे. कातडी नीट भरून आली. ते मऊ करायचं सुगंधी औषध मी मोरीत ओतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिली लाली बहुधा त्याचीच. म्हणजे तुमच्या पहिल्या पत्रातलं तेवढं बरोबर निघालं. खुश व्हा, पण फार नको.

तुम्ही राहिलात ते चार दिवस आपण कामापुरतंच बोललो. मला राग होता. अजून थोडा आहे. तो जाईल तेव्हा जाईल, ओढून काढता येत नाही. पण सुनावणीत तुम्ही जे केलंत ते मी डेपोत सगळ्यांना सांगितलं. कसं सांगितलं ते तुम्हालाही ऐकवते.

मी म्हटलं, ती बाई बालकल्याणच्या साहेबांपुढे ऐटीत बसली होती. म्हणाली, "बघा, यांच्याच घरच्या आजीनं मला फोन केला, त्या इथे हजर आहेत, विचारा." आणि माझी विहीण उठली. इस्त्रीचे कपडे, खांद्याला पर्स, आवाज दुकानातला. म्हणाली, "फोन मी केला. जे बोलले ते न पाहता बोलले. विहिणीच्या घरात तोवर मी पाऊलही ठेवलं नव्हतं. आता राहून आले. तिची लंगोटाची बादली माझ्या औषधाच्या कपाटापेक्षा स्वच्छ आहे." साहेब म्हणाले, "पण बाई, डायपर तर तुमच्याच दुकानातले होते." तर म्हणाली, "होय. मी डायपर विकते आणि विकत राहीन. कापड असो की डायपर, बदललं तर स्वच्छ, नाहीतर घाणीचं गाठोडं." मग त्या संचालिकेकडे वळली. "तुम्ही सकाळपासून इथे बसला आहात. मध्ये दोनदा उठून गेलात, मी पाहिलं. कशाला गेलात हो? बसायचं होतं तसंच. कपडे वरून कोरडेच दिसले असते."

डेपोत पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या बायकांनी मात्र नाही वाजवल्या. त्यांना ते फार आतून कळलं.

आता निकाल. तपासणीला माणसं गेली तेव्हा आतल्या कपाटात न वापरलेले डायपर कोंबलेले सापडले, तऱ्हेतऱ्हेच्या कंपन्यांचे. आपापल्या पोरांसाठी पालकांनी दिलेले. पिशव्या रिकाम्या परत जायच्या, म्हणजे पालकांना वाटावं बदलले. सांभाळणाऱ्या मुली वाढवल्याशिवाय नवीन मूल घ्यायचं नाही, असा हुकूम झालाय. कापड द्यायचं की डायपर ते पालक ठरवतील, हेही लिहून आलंय. संचालिका बाई अजून खुर्चीत आहेत. पाळणाघर बंदच होईल असं मला वाटलं होतं. नाही झालं. त्यावरचा माझा संताप शमलेला नाही, आणि शमावा असं मला वाटतही नाही.

मुंगीला आम्ही तिथे ठेवत नाही. सूनबाईच्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक लहान पाळणाघर आहे, तिथे जागा झाली. दुपारी ती स्वतः जाऊन बघून येते. घरी लंगोट, तिथे डायपर, असं तिनं ठरवलंय. मी काही बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "आई, तुम्ही दोघींनी माझ्या मुलीच्या बुडावरून वीतभर जाड पत्रव्यवहार केलात. त्यात मला विचारणारं एक वाक्य नाही. आता मी ठरवीन. तुम्ही धुवा, तिकडून त्या पाठवतील." आणि चिरंजीवांच्या हातात भिजलेला लंगोट दिला. फोन वाजत होता, तरी दिला.

आता शेवटचं. हे अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर होते. शेवटच्या स्टॉपवर बस थांबली. मला जायचं होतं आणि जायला जागा नव्हती, नेहमीसारखी. मी सीटवर बसून राहिले, नेहमीसारखी. आणि एकदम राग आला, विहीणबाई, माझा मलाच. त्या पोरीसाठी मी पंच मारले, भांडले, ऑफिसात गेले. स्वतःसाठी कधी एक अर्ज केला नाही.

डेपोत परतल्यावर सरळ साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, दोन्ही टोकांना बायकांसाठी संडास हवा. तोवर माझी बस वाटेतल्या दवाखान्यापाशी थांबेल आणि मी तिथल्या संडासात जाऊन येईपर्यंत प्रवासी थांबतील. साहेब म्हणाले, "अहो, इतकी वर्षं तुमची काही तक्रार नव्हती. आत्ताच काय झालं?"

मी म्हटलं, "साहेब, नातीला बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीनं आम्ही बोललो. मला तर बोलता येत होतं."

माझ्या मागे दारात आमच्या बाकीच्या सगळ्या जणी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला माहीतही नव्हतं.

विहीण